बिनकानाचे कप

सासूबाईंनी चहा सोडल्याचं जाहीर केलं ते दिवाळीनंतरच्या आठवड्यात. सकाळी मी नेहमीसारखी त्यांच्यासमोर कपबशी ठेवली, तर त्यांनी ती हळूच माझ्याकडे सरकवली.

"मला नको देत जाऊस आता. पित्त होतंय."

"आलं कमी घालू का, आई?"

"नको. चहाच नको."

मी फार खोलात गेले नाही. शाळेची बस गाठायची होती. पण दिवसभर ते डोक्यात राहिलं, कारण चहा हा त्यांच्या दिवसाचा कणा होता. त्या सांगलीच्या. सासरे गेल्यावर आमच्याकडे चंडीगडला आल्या, त्याला आता सहा वर्षं होतील. माझा नवरा सेक्टर ३० मधल्या सरकारी प्रयोगशाळेत उपकरणं बनवण्याच्या विभागात इंजिनियर आहे आणि आम्ही तिथल्याच कॉलनीत राहतो. मी पंचकुल्याच्या एका शाळेत गणित शिकवते. मुलगी कॉलेजात आहे. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. अशा घरात सासूबाईंनी थंडी सोसली, राजमा सोसला, शेजारणींशी तोडक्यामोडक्या हिंदीत मैत्रीही केली. चहा तेवढा सांगलीतल्यासारखा राहिला. दिवसातून तीनदा, बशीत ओतून. कपाला ओठ लावलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

गणपतीपासून त्यांचे हात थोडे थरथरतात हे मी पाहिलं होतं. निरांजन लावताना काडी वातीपर्यंत जायला वेळ लागायचा. वय झालं, असं म्हणून मी ते सोडून दिलं होतं. दिवाळीत इथल्या मराठी मंडळाचा फराळाचा कार्यक्रम झाला. लष्करातल्या अधिकाऱ्यांच्या बायका, मोहालीत आयटीत नोकरी करणारी जोडपी, अशी सगळी मंडळी जमली होती. सासूबाईंनी चहा बशीत ओतला, बशी उचलली आणि ती हातात हलायला लागली. शेजारी बसलेल्या एका तरुण बाईच्या फिकट रेशमी साडीवर तो सगळा चहा गेला. ती लगेच म्हणाली, "असू दे काकू, काही नाही झालं." पाणी आणलं, पुसलं, विषय संपला. घरी येताना सासूबाई गाडीत एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांना झोप आली असेल असं मला वाटलं.

डिसेंबरात धुक्यामुळे शाळा एक दिवस लवकर सुटली. मी स्वतःच्या किल्लीने दार उघडून आत आले. स्वयंपाकघरात सासूबाई सिंकपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. दोन्ही हातांनी स्टीलची वाटी धरलेली, मान सिंकमध्ये जवळजवळ घातलेली. त्या चहा पीत होत्या. वाटीत दोन घोटांपुरताच असावा. थेंब सिंकमध्ये पडत होते, आणि ते तिथेच पडावेत म्हणून त्या तशा वाकल्या होत्या.

मी आवाज न करता मागे फिरले, बाहेर जाऊन दार ओढून घेतलं आणि बेल वाजवली. त्यांनी दार उघडलं तोवर वाटी धुऊन पालथी घातलेली होती.

"लवकर आलीस गं?"

"धुकं आहे ना," मी म्हटलं.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं.  तो म्हणाला, "मी तिला पित्ताच्या गोळ्या आणून देत होतो."

दुसऱ्या आठवड्यात तो त्यांना घेऊन न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत गेला. मीही होते. डॉक्टरांनी हात पुढे करायला सांगितले, कागदावर गोल गोल चक्र काढायला लावलं. चक्राची रेघ करवतीच्या दातांसारखी आली. ज्या कंपवाताला घाबरून आम्ही गेलो होतो तो नव्हता. वयाने येणारी थरथर आहे, गोळीने कमी होईल, पूर्ण जाणार नाही, असं ते म्हणाले. उठताना त्यांनी आणखी एक सांगितलं, की हलकी भांडी देऊ नका, दोन्ही हातांत बसेल असं थोडं जड काहीतरी द्या.

मग आम्ही घरातली आणि बाजारातली भांडी लावून पाहायला लागलो. स्टीलचा पेला दोन्ही हातांत छान बसे, पण हात भाजत. मोठा मग आणला, तर त्याचा कान मध्ये यायचा. कानाला एका हाताने धरलं की थरथर वाढायची. मुलीने झाकणाचा प्लॅस्टिकचा मग आणला, झाकणाला पिण्यापुरतं भोक असलेला.

"आजी, ये ट्राय करो ना. गिरेगा नहीं."

सासूबाईंनी तो उलटसुलट करून पाहिला. "यातून प्यायचं?" एवढंच विचारलं. नातीचं मन मोडू नये म्हणून ठेवून घेतला. पुढे त्यात त्यांनी ब्लाउजची बटणं आणि हुक ठेवले.

आमच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एक पंजाबी बाई होत्या. त्या त्याच मार्चमध्ये निवृत्त होणार होत्या आणि नवऱ्याबरोबर मुलीकडे कॅनडाला जायच्या होत्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे त्या आठ वर्षं जपानमध्ये, नागोयाजवळ, राहिलेल्या. स्टाफरूममध्ये सगळ्यांना शाळेच्या कपांतून चहा मिळायचा. या मात्र रुमालात गुंडाळलेला स्वतःचा कप बॅगेतून काढायच्या. तपकिरी, जाडसर, बिनकानाचा. वर्षानुवर्षं मी तो पाहिला होता. जानेवारीत एके दिवशी पहिल्यांदाच नीट पाहिलं, की त्या तो धरतात कसा. एक हात बाजूने, दुसरा खालून.

मी त्यांना घरची हकिकत सांगितली आणि विचारलं, असा कप कुठे मिळेल.

त्यांनी उलट मलाच प्रश्न केले. सासूबाईंचे हात मोठे की लहान? चहा किती गरम पितात? कप काठोकाठ भरलेला लागतो का? हाताचं मला सांगता येईना. इतकी वर्षं त्या हातचं खाल्लं होतं, पण हात मोठे की लहान हे कधी पाहिलं नव्हतं.

"उन्हें साथ लेकर आओ," त्या म्हणाल्या. "मुझे वैसे भी आधा सामान बाँटना है. बस एक बात. शोकेस में नहीं रखना. रोज़ काम में लेना."

रविवारी आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. निरोपाला जातोय एवढंच मी सासूबाईंना सांगितलं होतं. त्यांनी बाईंसाठी मेतकुटाचा डबा घेतला. पंचकुल्यातल्या त्या घरातलं अर्धं सामान बांधून झालं होतं. जेवणाच्या टेबलावर चादर पसरून तिच्यावर कप, वाडगे, ताटल्या मांडल्या होत्या.

"ये सब तुम्हारे रोज के बर्तन है?" सासूबाईंनी विचारलं.

"जी माताजी, रोज़ के."

माझी नजर आधी लाकडी पेटीतल्या पांढऱ्या कपांवर गेली. इतके पातळ, की उजेडात बोट आरपार दिसावं. मी एक उचलला, तर बाईंनी तो माझ्या हातातून काढून परत पेटीत ठेवला. त्यातून त्यांनी स्वतः आठ वर्षांत चारदा चहा प्यायला असेल, असं त्या म्हणाल्या. धुताना भीती वाटते. भीती वाटणारी वस्तू रोज बाहेर निघत नाही.

मग त्यांनी मला कसं बघायचं ते दाखवलं. आधी टेबलावर ठेवून काठावर बोट दाबायचं. डुगडुगला तर नको. नखाने टिचकी मारायची. आवाज बसका आला तर कुठेतरी बारीक चीर आहे. तळाशी टेकण्यापुरती जी गोल कडी असते तिच्यावरून बोट फिरवायचं, कारण ती खरखरीत असली तर टेबल ओरबाडते. तळावरचा शिक्का सगळ्यात शेवटी बघायचा, किंवा बघायचाच नाही.

त्यांनी सात-आठ कपांत अर्धं अर्धं पाणी ओतलं आणि पहिला कप सासूबाईंच्या हातात दिला. आम्ही दोघी बघत होतो. हात थरथरायला लागले, नेहमीपेक्षा जास्तच. पाणी चादरीवर सांडलं. सासूबाईंनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून मराठीत म्हणाल्या, "चल, निघू या."

बाईंना शब्द कळले नसावेत, सूर कळला. त्या मला म्हणाल्या, "ज़रा इधर आना, ये प्लेटें लपेटने में हाथ लगाओ." खोलीच्या दुसऱ्या टोकाला जमिनीवर बसून आम्ही टेबलाकडे पाठ केली आणि ताटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळायला लागलो. बाई मुद्दाम शाळेतल्या गोष्टी काढत होत्या, दहावीच्या पेपरांच्या, नव्या प्रिन्सिपलच्या.  मागे एक कप उचलल्याचा, ठेवल्याचा आवाज आला. मग दुसऱ्याचा. मी वळले नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही. आम्ही बऱ्याच ताटल्या बांधल्या.

"हा बरा आहे," सासूबाई म्हणाल्या.

वळून पाहिलं तर त्यांच्या दोन्ही हातांत गडद निळा, जवळजवळ काळा कप होता. खालचा भाग बिनचकाकीचा, मातीचाच. हात थोडे हलत होते, पण कप जड होता आणि पाणी आतल्या आत डुचमळत होतं, बाहेर येत नव्हतं.

बाई हसल्या. "माताजी, ये तो पति वाला है." जपानमध्ये नवराबायकोच्या कपांची जोडी मिळते, मोठा नवऱ्याचा आणि छोटा बायकोचा, असं त्यांनी सांगितलं आणि शेजारचा तसाच पण लहान कप दाखवला.

सासूबाईंनी लहान कपाकडे पाहिलं, हातातला सोडला नाही. मला म्हणाल्या, "त्यांना सांग, नवरा गेला. आता मोठा माझा."

हे हिंदीत कसं सांगावं ते मला सुचेना. पण बाईंना 'नवरा गेला' तेवढं समजलं असावं. त्यांनी मान डोलावली, लहान कपही कागदात गुंडाळून पिशवीत घातला आणि तो माझ्यासाठी, असं खुणेने सांगितलं.

मग वाडगे निघाले. सासूबाईंनी मोजले आणि हळूच मला विचारलं, "पाचच? एक फुटला का?" तिकडे संच पाचाचाच असतो, हे ऐकून त्यांना नवल वाटलं. मला एक दुधी रंगाचा, खडबडीत पोताचा वाडगा फार आवडला होता. बाईंनी विचारलं, यात काय वाढणार? मी म्हटलं, आमटी. "हल्दी?" हो. तो त्यांनी बाजूला ठेवला आणि गडद निळ्या रेघांचे, गुळगुळीत चकाकीचे पाच वाडगे पुढे केले. वरणभात कालवायला पुरेसे खोल, एकात एक बसणारे.

एका बाबतीत मी त्यांचं ऐकलं नाही. लाल मातीची एक छोटी किटली होती, जिची मूठ मागे नसून बाजूला काटकोनात असते. बाईंनी विचारलं, घरात बिनदुधाचा चहा कोण पितं? कोणी नाही. "तो रहने दो." पण ती इतकी सुबक होती, की मी हट्टाने घेतली.

निघताना त्यांनी आणखी एक सूचना दिली. मातीचा भाग उघडा आहे अशी भांडी वापरण्याआधी तांदळाच्या धुवणात मंद आचेवर उकळायची, म्हणजे डाग कमी धरतात. मी हे सासूबाईंना मराठीत सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मग काय. माझी आई नव्या मडक्यात पेज उकळायची. निराळं काय सांगितलं?" गाडीत मात्र त्या बऱ्याच बोलत होत्या.

घरी आल्यावर नवऱ्याने ती सगळी भांडी प्रयोगशाळेत आल्यासारखी तपासली. कप रिकामा आणि भरलेला, दोन्ही वेळा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिला आणि वजन तळाशी जास्त आहे म्हणून हा कलंडत नाही, असा निष्कर्ष काढला. आईने तो काटा न वापरता निवडला होता, हे मी त्याला सांगितलं. मग त्याने पॉलिश पेपर आणून वाडग्यांच्या तळाच्या कड्या एकेक करून घासल्या.

पहिल्या दिवशी मी चूक केली. सवयीने कप काठापर्यंत भरला. उकळता चहा, जाड कप, कान नाही. सासूबाईंनी धरला आणि तत्काळ सोडला. टेबलभर चहा झाला.  त्या उठून खोलीत गेल्या. कप फुटला नव्हता, पण दोन दिवस त्यांनी त्याला हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी मी बाईंना फोन केला. "पूरा भर दिया होगा," त्या म्हणाल्या. अर्धाच भरायचा, वरचा रिकामा काठ धरायला असतो. हवा तर पुन्हा ओतायचा.

मी अर्धा भरला आणि सासूबाईंसमोर ठेवून गॅसकडे वळले, पाठ करून, जसं पंचकुल्यात केलं होतं तसं. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "बशीतल्यासारखाच लवकर निवतो गं हा." मग म्हणाल्या, "अजून घाल."

त्या दिवसापासून त्या टेबलावर बसून चहा पितात. गरम किती आहे ते हाताला आधी कळतं, जीभ पोळत नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. मी लहान कपातून प्यायला लागले. वाडगे तर महिन्याभरात असे अंगवळणी पडले, की स्टीलच्या वाट्या नुसत्या फळीवर राहिल्या. एकदा बाईंनीच दिलेला, लाखेचं रोगण चढवलेला काळा लाकडी वाडगा मी विसरून मायक्रोवेव्हमध्ये घातला आणि त्याच्या अंगावर फोड आले. तो टाकावा लागला. किटलीत मी दोनदा आपला दुधाचा चहा ओतला. तोटीच्या आतल्या जाळीत साय अडकली आणि मातीला दुधाचा वास धरला, तो काही केल्या गेला नाही. ती आता वरच्या फळीवर आहे. बाईंची अट मी मोडली ती एवढ्या एका बाबतीत, आणि तसं त्यांना फोनवर सांगूनही टाकलं.

चैत्रात आमच्याकडे हळदीकुंकू होतं. कैरीची डाळ, पन्हं, आणि ज्यांना हवा त्यांना चहा. मंडळातल्या बारा-चौदा बायका आल्या. मी कपबश्यांचा ट्रे आणला, तर सासूबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "माझा तो मोठा कप आण."

एकीने विचारलं, "काकू, हा वेगळा कसा?"

"माझा हात थरथरतो," त्या म्हणाल्या. अगदी, आज भाजी कसली केली ते सांगावं तशा. "दिवाळीत एका पोरीच्या साडीवर मी चहा सांडला. तिला मी काहीच बोलले नाही. नुसती बसून राहिले. ती आलीय का आज?"

ती आली नव्हती. तिच्या नवऱ्याची बदली झाली होती, फेब्रुवारीतच ते आसामकडे गेले होते. सासूबाईंचा चेहरा उतरला. तेवढ्यात एक जण म्हणाली, "माझ्याकडे नंबर आहे, काकू. लावू का?" आणि त्यांनी हो म्हणायच्या आत लावलाही.

फोन सासूबाईंच्या कानाशी मीच धरला. त्यांनी आपण कोण ते सांगितलं, दिवाळीचं सांगितलं, साडीचं सांगितलं. "चूक माझी होती, बाळ. बोलायला हवं होतं. लाज वाटली." पलीकडून काय उत्तर आलं ते मला नीट ऐकू आलं नाही. सासूबाई ऐकत होत्या, मग "बरं, बरं," म्हणाल्या, मग मुलं किती, तिकडे पाऊस कसा, असं विचारायला लागल्या. चहा कपात थंड झाला.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काय म्हणाली?"

"डाग त्याच दिवशी निघाला म्हणे. तिच्या लक्षातही नव्हतं." मग म्हणाल्या, "मी इकडे तीन महिने सिंकपाशी उभी."

सिंकचा विषय मी त्यांच्याजवळ कधी काढला नव्हता. मी त्या दिवशी बाहेर जाऊन बेल वाजवली होती, ते त्यांना ठाऊक होतं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. मी विचारलंही नाही.

डॉक्टरांच्या गोळीने थरथर आता बरीच कमी झाली आहे. मध्यंतरी नवरा म्हणाला, आई, आता कानाचा कप धरता येईल तुला, बशीही जमेल. त्यांनी एक दिवस करून पाहिलं. जमलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन्ही टेबलावर ठेवले, कपबशी आणि निळा कप, शेजारी चहाचं भांडं, आणि शाळेच्या तयारीला लागले. आवरून परत आले तेव्हा कपबशी कोरडी होती. त्या पेपर वाचत होत्या आणि निळा कप, अर्धा भरलेला, हाताशी होता.